ट्रेलरच्या पोटातली गळती: पैठण ते नळदुर्ग

हुरड्याच्या दिवसांत मराठवाड्यात कॅम्पिंग ट्रेलर घेऊन फिरावं, हे मी कुणालाही सांगेन. ज्वारी भरात आलेली असते, दिवसा ऊन बरं वाटतं आणि रात्री स्वेटर लागतो. आमचा रस्ता पैठण, पाचोड, गेवराई, बीड, मांजरसुंबा, केज, अंबाजोगाई, लातूर, औसा, तुळजापूर आणि शेवटी नळदुर्ग असा होता. गाडीत मी, बायको आणि दाजी. मागे दोन चाकांचा ट्रेलर. त्यात पलंगाखाली 100 लिटरची पाण्याची टाकी, 12 व्होल्टचा पंप, सिंक आणि शॉवरपर्यंत सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणीही सोसणाऱ्या कडक प्लास्टिकचा पाइप. सांडपाण्याची टाकी चासीखाली, आणि हे सगळं खालून पत्र्याने झाकलेलं.

पैठणला नाथसागराच्या काठावर पक्षी बघण्यात सकाळ छान गेली. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून पुढे जातो. धुळे-सोलापूर महामार्ग ट्रेलरसाठी चांगलाच आहे. खरा मार बसतो तो मांजरसुंब्याहून केजकडे वळल्यावर, गावागावांतल्या गतिरोधकांचा. गाडीला स्प्रिंग असतात, माणसाला गादी असते, पण पत्र्याआडच्या पाइपला काहीच नसतं. पाण्याने भरलेली टाकी म्हणजे 100 किलोचं वजन, आणि ते प्रत्येक उंचवट्यावर जोडांना झटका देतं. मुक्काम जवळ असेल तर टाकी पाव भरून चालवा, आणि मुक्कामी पोचल्यावर भरा.

अंबाजोगाईजवळ आत्याच्या शेतात ट्रेलर लावला. हुरडा, तिळाची चटणी, दही असा कार्यक्रम चालू असताना आत्याच म्हणाली, "आरं, तुझ्या गाडीखालची माती ओली कशानं व्हायलीय?"

काळ्या मातीत ओल पसरते, त्यामुळे थेंब नेमका कुठे पडतो ते कळत नाही. म्हणून ट्रेलर थोडा पुढे घेऊन खाली कोरडी ताडपत्री आणि तिच्यावर वर्तमानपत्राचे कागद पसरले. कागदावर थेंबाचा डाग लगेच उठतो. त्यापुढचं मात्र नीट ध्यानात घ्या: थेंब जिथून पडतो तिथे गळती असतेच असं नाही. आमच्याकडे थेंब पडत होता पत्र्याच्या मागच्या स्क्रूपाशी आणि पाइप चिरलेला होता हातभर पुढे. पाणी पाइपवरून वायरिंगवर, वायरिंगवरून चासीच्या आडव्या पट्टीवर आणि तिथून पत्र्यावर उतरून उताराकडे निघालं होतं. थेंब बघून तिथेच सिलिकॉन फासलं, तर पाणी अडतं, पत्र्यात साठतं आणि आतलं प्लायवूड कुजवतं.

म्हणून पान्याला हात लावण्याआधी गळणारं पाणी कुठलं ते ठरवायचं. ट्रेलरमध्ये तीन प्रकारचं पाणी असतं: टाकीत नुसतं उभं असलेलं, पंपाने दाब दिलेलं आणि वापरून खाली गेलेलं. पंप बंद करा, एखादा नळ उघडून पाइपमधला दाब काढा, नळ पुन्हा बंद करा, खालचं सगळं पुसून कोरडं करा आणि अर्धा तास थांबा. तरी थेंब आला तर दोष टाकीत, टाकीच्या निप्पलला (पाइप जोडायच्या तोंडाला) किंवा ड्रेनच्या कॉकला (टाकी रिकामी करायच्या नळाला) आहे. तेव्हा कोरडं राहिलं तर पंप चालू करून सगळे नळ बंद ठेवा. पंपाने दाब भरला की तो आपोआप थांबतो आणि पाइप घट्ट असतील तर थांबलेलाच राहतो. आमचा पंप दर थोड्या वेळाने क्षणभर घरघरायचा आणि गप्प व्हायचा. म्हणजे दाबाची बाजू. हा आवाज रात्री, सगळे झोपल्यावर, फार चांगला ऐकू येतो.

इथे एक फसगत होते. पंप मधूनमधून घरघरतो, पण खाली एक थेंब नाही, असं असेल तर पाणी बाहेर न जाता पंपातल्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमधून, म्हणजे पाणी मागे येऊ नये म्हणून असलेल्या झडपेतून, उलट टाकीत जात असतं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याचे क्षार त्या व्हॉल्व्हच्या रबरावर बसतात आणि तो पूर्ण मिटत नाही. किराणा दुकानात लिंबूसत्त्व मिळतं. ते कोमट पाण्यात विरघळवून त्यात व्हॉल्व्ह भिजवून ठेवला की बऱ्याचदा काम होतं.

तिसरी बाजू सांडपाण्याची. ही नळ वापरला तरच गळते, म्हणून लोकांना ती सर्वात उशिरा सापडते. जिलेबीत घालतात तो खायचा रंग चिमूटभर पाण्यात कालवून आधी सिंकमध्ये ओता, कागद बघा, मग शॉवरच्या जाळीत ओता. रंगीत थेंब कागदावर आला की वाद संपला.

आता त्याच क्षारांच्या पाण्याचा एक उपकार. बाहेरच्या देशातले व्हिडिओ पाहिले तर निम्मा वेळ ते बर्फाने पाइप फुटण्याबद्दल बोलतात. आपल्याकडे पाइप फुटण्याइतकी थंडी पडत नाही. आपले जोड जातात ते हादऱ्याने, उन्हाळ्यात वॉशर कडक होऊन आणि क्षारांनी. पण पाणी सुकलं की तेच क्षार मागे राहतात. पत्रा उतरवून बॅटरी मारली, तेव्हा सीपीव्हीसीच्या एल्बोच्या (काटकोनी जोडाच्या) कडेपासून पांढरी, खडूने ओढावी तशी बारीक रेघ वायरिंगपर्यंत गेलेली स्पष्ट दिसली. रेघेच्या वरच्या टोकाला पाइप पुसून कोरडा केला, टिश्यू पेपर गुंडाळला, पंप लावला. कागद एका बाजूने आधी भिजला. चीर केसाएवढी होती, एल्बोमध्ये पाइप शिरतो तिथेच.

खाली शिरण्याआधीचं सांगायचं राहिलं. ट्रेलर गाडीला जोडलेलाच ठेवा, हँडब्रेक ओढा, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. कोपऱ्यांचे टेकू फक्त डोलणं थांबवण्यासाठी असतात, त्यांच्या भरवशावर खाली झोपू नका. नुसत्या जॅकवर तर नाहीच. बाहेरून घेतलेली 230 व्होल्टची वायर आधी काढा, गॅसची टाकी बंद करा. ओल्या मातीत पाठ टेकून काम करायचं असतं.

दाजींचा आग्रह होता, "एम-सील लावू आन् मोकळं होऊ." घरातल्या स्थिर पाइपला ते रात्रभर चालेल. इथे दाब आहे आणि हादरे आहेत, थोड्याच किलोमीटरमध्ये ते सुटतं. प्लास्टिकच्या, म्हणजे पॉलिथिनच्या टाकीला तर ते धड चिकटतच नाही. टाकी चिरली असेल तर प्लास्टिक वेल्डिंग करणाराच गाठावा लागतो. रात्र काढायचीच असेल, तर पंक्चरवाल्याकडून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घ्या, ताणून ताणून चिरेवर गुंडाळा आणि वरून दोन होज क्लिप आवळा. आम्ही ती रात्र तशीच काढली, झोपताना पंपाचं बटण बंद करून.

सकाळी अंबाजोगाईच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. ट्रेलरचं सामान मागू नका, दुकानदार गोंधळतो. गिझरचं सामान मागा. अर्ध्या इंचाचे सीपीव्हीसीचे दोन पितळी एमटीए (एका बाजूला पाइप चिकटतो आणि दुसऱ्या बाजूला आटे असतात ते जोड), दीड फुटाचा जाळीचा कनेक्शन पाइप, सीपीव्हीसीचं सोल्युशन आणि पॉलिश पेपर, एवढंच लागलं. चिरलेला एल्बो कापून काढला, दोन्ही टोकांना एमटीए चिकटवले आणि मधे तो लवचीक कनेक्शन पाइप टाकला. कडक पाइपला पुन्हा कडक एल्बो लावला असता तर पुढच्या गतिरोधकांनी तोही घेतला असता. ट्रेलर बांधून देणाऱ्यांनी घराचं प्लंबिंग चाकांवर चढवलेलं होतं, खरी खोट तिथे आहे. पंपाच्या दोन्ही बाजूंना आणि चासी ओलांडताना लवचीक तुकडा हवाच, आणि उरलेल्या पाइपला रबर घातलेल्या क्लिप हव्यात, म्हणजे तो पत्र्यावर घासत नाही.

चिकटवताना पाइप पूर्ण कोरडा हवा. आतून थेंब येतच राहतात, म्हणून टाकी आणि लाइन आधी रिकामी करा. पांढऱ्या पीव्हीसीचं सोल्युशन सीपीव्हीसीला वापरू नका, विशेषतः गरम पाण्याच्या लाइनला. डब्यावर लिहिलेला वेळ पाळा. दाजी दहा मिनिटांनी पंपाकडे निघाले तेव्हा म्हणालो, "दाजी, जेवण होईस्तोवर थांबा." कनेक्शन पाइपच्या नटात रबरी वॉशर असतो, तिथे टेफ्लॉन टेप नको. टेप फक्त जिथे आटे आट्यांत बसून पाणी अडवतात तिथे, आटे फिरतात त्याच दिशेने. प्लास्टिकचा नट हाताने बसवा आणि पान्याने फार तर पाव फेरा द्या. जास्त आवळल्याने फुटलेले नट गळक्या नटांपेक्षा जास्त पाहिलेत मी.

लाइन घट्ट झाली का, हे पाणी न भरता बघायचं असेल तर हवा भरा. ट्रेलरला बाहेरचं पाणी जोडायच्या तोंडाला ट्यूबचा व्हॉल्व्ह जोडून सायकलच्या पंपाने 30 पीएसआयपर्यंत हवा द्या, त्यापुढे नको, आणि जोडांवर साबणाचा फेस लावा. बुडबुडा खोटं बोलत नाही. पाण्याची टंचाई असलेल्या गावात चाचणीसाठी टाकीभर पाणी मागण्यापेक्षा हे बरं. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं, तिथे आजही मोकळ्या नळाखाली गाडी धुणाऱ्याकडे लोक वळून बघतात. आम्ही लातुरात टाकी भरली ती विचारून, पैसे देऊन.

लातुरातच एका फॅब्रिकेटरकडून खालच्या पत्र्याला स्क्रूच्या झाकणाच्या दोन खिडक्या पाडून घेतल्या, एक पंपाखाली, एक ड्रेनच्या कॉकखाली. छत्रपती संभाजीनगरची मलिक अंबरने बांधलेली नहर सतराव्या शतकातली. जमिनीखालून पाणी नेणाऱ्या त्या नहरीलाही ठिकठिकाणी उतरून बघायची तोंडं ठेवलेली आहेत. आमच्या पत्र्याला एक नव्हतं.

औशाचा किल्ला धावत पाहिला. नळदुर्गला मात्र अर्धा दिवस ठेवा. बोरी नदीवरच्या बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. पावसाळ्यात बांधावरून पाणी कोसळतं आणि महालातला माणूस कोरडा राहतो. दाजी तिथल्या भिंतीचे सांधे बोटाने चाचपत बराच वेळ उभे होते. ट्रेलर किल्ल्याच्या दारापर्यंत नेऊ नका, गावातली वळणं अरुंद आहेत. हमरस्त्यालगत लावून चालत जा. सांडपाण्याची टाकी किल्ल्याजवळ किंवा नदीकडेला सोडू नका. आम्ही ती आधीच्या मुक्कामी, ढाबामालकाला विचारून त्याच्या शोषखड्ड्यात रिकामी केली होती. पुढे सोलापूर साधारण 50 किलोमीटर, रस्ता चौपदरी, आणि पंपाचा सुटा भाग हवा असेल तर तो तिथेच शोधा, वाटेतल्या छोट्या गावांत वेळ घालवू नका.