'मॉन्गूस'च्या मागावर: नोंदवहीतलं नवं पान

प्राण्यांच्या इंग्रजी नावांच्या वहीत सध्या 'मॉन्गूस'चं पान भरतंय. हे पान लिहिताना हात जरा जास्तच चालतो, कारण इंग्रजी कोश या शब्दाचा माग काढत थेट आपल्या मुंगसापाशी येतात.

१८८६ चा 'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश मात्र शब्द तेलुगूच्या नावावर टाकतो. पण प्राणिशास्त्रज्ञ जर्डनने तो दख्खनी आणि मराठी म्हटलाय, हेही त्याच नोंदीत सापडतं. मला यात भांडण दिसत नाही. मूळ द्राविडीच असणार, कारण तेलुगूत मुंगिस, कन्नडात मुंगुसि. परक्यांच्या तोंडी तो बसला असेल तो दख्खनात किंवा पश्चिम किनाऱ्यावर. उत्तरेत तर 'नेवला' चालतो, संस्कृतात 'नकुल'.

इंग्रजीतल्या जुन्या उल्लेखांत जॉन फ्रायरचा नंबर लागतो. ईस्ट इंडिया कंपनीचा हा डॉक्टर १६७३ मध्ये हिंदुस्थानात आला, जुन्नरपर्यंत जाऊन आला आणि १६९८ मध्ये त्याचं प्रवासवर्णन छापलं गेलं. वाचकांना कळावं म्हणून मुंगूस हे फेरेटच्या (युरोपातल्या एका लहान, लांबट शिकारी प्राण्याच्या) जातीतलं, असं तो सांगतो.

आता शेपटाकडे या. 'मुंगूस'मधला 'गूस' इंग्रजी कानाला ओळखीचा वाटला आणि स्पेलिंगही बदकाच्या त्या थोरल्या भावंडासारखं झालं. नातं मात्र शून्य. तो 'गूस' आपल्या 'हंस'चा सख्खा भाऊबंद, एकाच प्राचीन मुळातून फुटलेला. त्याचं अनेकवचन 'गीज' होतं, कारण इंग्रजीच्या पूर्वज असलेल्या जुन्या जर्मानिक भाषेतल्या रूपातल्या प्रत्ययाच्या 'इ'ने आधीचा स्वर आपल्याकडे ओढून घेतला. मुंगूस इंग्रजीत पोचलं तोवर ही खटपट केव्हाच संपली होती. म्हणून 'मॉन्गूसेस', 'मॉन्गीज' नव्हे.

शास्त्रीय नावांत तर भलतंच झालंय. 'मुंगोस मुंगो' हे नाव मिरवतं आफ्रिकेतलं पट्टेरी मुंगूस, आणि आपल्या बांधावरचं करडं मुंगूस आधी 'हर्पेस्टेस' होतं, आता 'उर्वा'. मादागास्करच्या एका लेमूरलाही (माकडांच्या दूरच्या नात्यातल्या प्राण्यालाही) 'मोंगोझ' म्हणतात. याची साखळी नीट जुळवायची आहे.

त्यानंतर 'बँडिकूट' घेणार. तेलुगूत 'पंदिकोक्कु', म्हणजे डुक्कर-उंदीर, आपली घूस. हेच नाव पुढे ऑस्ट्रेलियातल्या पोटपिशवीवाल्या प्राण्याला चिकटलं. कुणाकडे घुशीची बोलीतली नावं असतील तर गाव आणि तालुक्यासकट कळवा.