तुम्ही विचारलंत म्हणून: एवढी स्लो फिल्म कशाला?

फिल्मवर फोटो काढते म्हटलं की लोक हल्ली फारसे दचकत नाहीत, दचकतात ते पुढे, आयएसओ 50 ऐकल्यावर (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती चटकन दाद देते तो आकडा, जितका लहान तितकी फिल्म स्लो). मग ठरलेला प्रश्न. 'अगं पण 400 ची मिळते ना, मग एवढी स्लो कशाला?' आणि मी तोंड उघडायच्या आत विचारणाऱ्यानेच उत्तरही देऊन टाकलेलं असतं, संयम शिकायला ना, थांबून बघायला ना, वगैरे.

नाही हो. संयमाचं आणि माझं कधी जमलंच नाही, पुरावा पुढे येतोय. मी 50 वापरते ती बारीक ग्रेनसाठी, म्हणजे फोटोतले दाणे बारीक राहावेत म्हणून, आणि भर उन्हासाठी.

ग्रेनचं काय होतं बघा, फिल्मवर जिलेटिनचा थर असतो आणि त्यात सिल्व्हर हॅलाइडचे स्फटिक. उजेड पडला की स्फटिकात चांदीचे मोजके अणू एकत्र येतात, तीन-चार जमले तरी पुरतं, डेव्हलपर नावाचं रसायन मग त्या अख्ख्या स्फटिकाची काळी चांदी करून टाकतो. ज्याच्यात तेवढे जमले नाहीत तो तसाच राहतो आणि नंतर फिक्सर या दुसऱ्या रसायनात विरघळून जातो. आता गंमत अशी की हे तीन-चार अणू लहान स्फटिकालाही लागतात आणि मोठ्यालाही, पण मोठ्याच्या अंगावर उजेड जास्त पडतो म्हणून तो आधी तयार होतो. पावसात परात आणि वाटी शेजारी शेजारी ठेवल्यासारखं. फास्ट फिल्म म्हणजे सगळ्या पराती, स्लो म्हणजे वाट्या. वाटीत पाणी पडायला वेळ लागतो पण तेवढ्याच जागेत वाट्या मावतात किती! 24 बाय 36 मिलिमीटरची इवलीशी फ्रेम 12 पट मोठी केली की हा फरक सरळ दिसतो, भिंतीचा गिलावा गिलाव्यासारखा दिसतो, त्यावर वाळू भुरभुरल्यासारखं वाटत नाही. (काहींना ती वाळूच आवडते, त्यांनी खुशाल 400 वापरावी, भांडण नाही.)

उन्हाचं कारण तर निव्वळ हिशोबाचं आहे. एफचा आकडा म्हणजे लेन्सचं भोक किती उघडं ते, आकडा लहान तेवढं भोक मोठं. लख्ख उन्हात एफ 16 ला शटर साधारण आयएसओइतकं, म्हणजे 50 ला 1/60 सेकंद. माझ्या जुन्या कॅमेऱ्याचं शटर 1/1000 च्या पुढे जात नाही. तेवढ्या शटरला 50 ची फिल्म असेल तर एफ 4 पर्यंत उघडता येतं, मागचं सगळं छान धूसर होतं, आणि 400 असेल तर एफ 11 वर अडकून बसायचं, मागची तार, खांब, कोणाचं तरी वाळत घातलेलं बेडशीट, सगळं स्पष्ट.

घरात मात्र हाल होतात, हे लपवत नाही. दिव्याच्या उजेडात एफ 2 ला सुद्धा 1/8 वगैरे येतं, म्हणजे ट्रायपॉड, आणि समोरचं माणूस हलणारं नको. रात्रीचं अजूनच वेगळं, कारण उजेड फारच कमी असला की फिल्म आळसावते, जमलेले अणू पुन्हा सुटत राहतात. मी वापरते त्या इल्फोर्डच्या पॅन एफ प्लस फिल्मला उजेड मोजणाऱ्या मीटरने 10 सेकंद सांगितले तर खरे 21 च्या आसपास द्यावे लागतात. मी हे विसरून काढलेल्या रात्रीच्या फोटोंत फक्त दिवे आहेत, बाकी काळोख.

डेव्हलपिंगबद्दल विचारताना सगळ्यांच्या डोळ्यासमोर लाल दिवा असतो. तो प्रिंटच्या कागदासाठी. ही फिल्म पॅनक्रोमॅटिक, तिला लालही दिसतो, त्यामुळे रोल टँकच्या स्पूलवर चढवायचा तो ठार अंधारात, नाहीतर चेंजिंग बॅगेत हात घालून चाचपडत. झाकण लागलं की दिवा लावा. मी रोडिनल वापरते, 1891 चं पेटंट आहे म्हणजे माझ्या कॅमेऱ्यालाही आजोबा शोभेल असं, 6 मिली डेव्हलपर, 300 मिली पाणी, 20 डिग्री, 11 मिनिटं, दर मिनिटाला टँक चार वेळा हळूच उलटा-सुलटा. हळूच हा शब्द महत्त्वाचा कारण स्लो फिल्म मुळातच काँट्रास्टी, काळं-पांढरं टोकाचं करणारी, जोरजोरात हलवलं किंवा पाणी कोमट झालं की आकाश पार चुन्यासारखं पांढरं. मग स्टॉप बाथ, फिक्सर, धुणं, वाळवणं, त्यात विशेष काही नाही, धूळ सोडून. धुळीवर मी बोलायला लागले तर थांबणार नाही.

आता पुरावा. पॅन एफचा एक स्वभाव आहे, उजेडाने उमटलेली पण अजून डेव्हलप न केलेली प्रतिमा ती फार दिवस धरून ठेवत नाही. कंपनी स्वच्छ सांगते, फोटो काढल्यावर तीन महिन्यांच्या आत डेव्हलप करा. मी हे वाचलं होतं, चार जणांना सांगितलंही होतं, आणि तरी एक रोल अर्धा काढून कॅमेऱ्यात आठ महिने ठेवला, कारण उरलेल्या फ्रेम 'चांगल्या उजेडासाठी' राखून ठेवल्या होत्या. शेवटी कंटाळून एका दुपारी काहीबाही काढून रोल संपवला. टँकमधून नेगेटिव्ह काढून दिव्यासमोर धरलं तर त्या दुपारच्या फ्रेम भक्कम, आणि मागे मागे जावं तसं सगळं विरळ होत गेलेलं, आईचा गच्चीवरचा फोटो तर असा की केस आणि पदर आहे का नाही तेच कळेना. कडेला छापलेले फ्रेमचे आकडेसुद्धा फिकट. सावल्या आधी गेल्या होत्या, मग बाकीचं.

तेव्हापासून नवा रोल घातला की कॅमेऱ्याच्या पाठीवर टेप लावून तारीख लिहिते. आत्ता टेपवरची तारीख सव्वादोन महिन्यांपूर्वीची आहे, सतरा फ्रेम उरल्यात, आणि बाहेर आभाळ.