लॉक आर्डची घळ : व्हिक्टोरियातील फुटलेल्या जहाजांच्या किनाऱ्यावर

मेलबर्नहून ग्रेट ओशन रोडला जाणारे बहुतेक पर्यटक समुद्रातल्या 'ट्वेल्व्ह अपॉसल्स' या चुनखडीच्या सुळक्यांचे फोटो काढून परततात आणि तिथून गाडीने काही मिनिटांवर असलेली लॉक आर्डची घळ घाईत उरकतात. आम्ही पोर्ट कॅम्पबेलला मुक्काम केला तो मुख्यतः या घळीसाठीच.

इंग्लंडहून निघालेली शिडाची जहाजे कित्येक आठवडे जमीन न पाहता येत आणि केप ऑटवे व किंग बेट यांच्यामधल्या सुमारे ९० किलोमीटरच्या फटीतून त्यांना बास सामुद्रधुनीत शिरावे लागे. अंदाज थोडा चुकला तरी समोर उभे कडे. १८४५ मध्ये 'कॅटाराकी' किंग बेटावर आपटून सुमारे ४०० माणसे बुडाली. १८४८ मध्ये केप ऑटवेचे दीपगृह सुरू झाले, पण १ जून १८७८ च्या पहाटे 'लॉक आर्ड' या जहाजाच्या कप्तानाला धुरकट हवेत त्याचा दिवा दिसलाच नाही. कडे दिसल्यावर टाकलेले नांगर तळाला धरेनात आणि जहाज मटनबर्ड बेटाच्या खडकावर गेले. ५४ पैकी दोघेच वाचले : शिकाऊ खलाशी टॉम पिअर्स आणि प्रवासी ईव्हा कारमायकेल. टॉम या घळीत वाहत आला, ईव्हाची हाक ऐकून पुन्हा पाण्यात शिरला, तिला गुहेत ठेवून वाहून आलेली ब्रँडी पाजली आणि कडा चढून मदत आणली.

पायऱ्या उतरून वाळूवर आल्यावर दोन्ही बाजूंना चुनखडीचे पिवळसर थर दिसतात आणि समुद्राकडे जाणारे तोंड अगदी अरुंद भासते. यातून माणूस जिवंत आत आला, यावर विश्वास बसत नाही. वरच्या पठारावरील, बुडालेल्यांची छोटी दफनभूमी चुकवू नये. वृत्तपत्रांना टॉम आणि ईव्हाचे लग्न हवे होते, पण ईव्हा आयर्लंडला परतली. २००९ मध्ये इथली खडकाची कमान कोसळून उरलेल्या दोन सुळक्यांना मात्र टॉम आणि ईव्हा ही नावे दिली आहेत. लोकांनी त्यांना शेजारी उभे केलेच!

घळीतले पाणी शांत दिसले तरी पोहायला उतरू नये. कुंपणापलीकडे तर जाऊच नये, कारण लाटा कडे खालून पोखरतात. याच किनाऱ्यावरच्या 'लंडन ब्रिज' या खडकाच्या कमानीचा एक भाग १९९० मध्ये असाच कोसळला. मूनलाइट हेडजवळच्या रेक बीचवर 'मारी गॅब्रिएल' (१८६९) आणि 'फिजी' (१८९१) या जहाजांचे नांगर वाळूत उभे आहेत. तिथे साडेतीनशेहून अधिक पायऱ्या उतराव्या लागतात आणि ओहोटीलाच जाता येते, म्हणून भरतीचे वेळापत्रक पाहूनच निघावे.

वेळ असल्यास वॉर्नंबूलच्या फ्लॅगस्टाफ हिल संग्रहालयापर्यंत जावे. 'लॉक आर्ड'मधून वाहून आलेला, सुमारे दीड मीटर उंचीचा मिंटन या इंग्लिश कंपनीचा चिनीमातीचा मोर तिथे आहे. परतीला कोलॅकमार्गे आतला रस्ता धरल्यास मेलबर्न लवकर गाठता येते. मात्र संध्याकाळी कांगारू अचानक रस्त्यावर येतात, त्यामुळे अंधारापूर्वी निघालेले बरे.