लाल दिवा मंद पेटला तर: जुन्या गाडीचा पावसातला प्रवास, फॅन बेल्ट आणि अल्टरनेटर

आमची गाडी पेट्रोलची, कार्बोरेटरच्या जमान्यातली. इंजिन गार ठेवणारे फॅन आणि वॉटर पंप, आणि वीज बनवून बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, तिघेही इंजिनाने फिरणाऱ्या एकाच व्ही-बेल्टवर (व्ही आकाराचा रबरी पट्टा). सपाटीवरून निघून घाट चढायचा, वरच्या पठारावर थोडं राहायचं आणि त्याच वाटेने उतरायचं असा बेत. पाऊस जवळजवळ सगळ्या वाटेवर सोबतीला होता. डोंगर, धुकं, धबधबे यांबद्दल इथे काही सांगत नाही. अशाच वयाची गाडी घेऊन लांब जाणाऱ्यांना बॉनेटखाली काय झालं ते कळलेलं बरं.

पहिल्या मुक्कामानंतर सकाळी सेल्फ मारला आणि बेल्ट किंचाळला. थोड्या वेळाने आवाज आपोआप बंद. इथेच बरेच जण ‘ओल आहे, जाईल’ म्हणून निघतात. पण सकाळीच आवाज का येतो, याला कारण आहे. सेल्फने बॅटरीतून बराच करंट ओढलेला असतो, त्यामुळे इंजिन सुरू होताच अल्टरनेटरवर एकदम भार येतो आणि त्याची पुली (बेल्टने फिरणारं चाक) जड होते. ढिला किंवा गुळगुळीत झालेला बेल्ट अशा वेळी तिच्यावर घसरतो. खातरजमा करायची तर इंजिन चालू असताना बेल्टवर थोडं पाणी शिंपडावं (बाह्या, ओढणी, मोकळे केस लांब ठेवून). किंकाळी वाढली तर बेल्ट घसरतोय. आवाज चिवचिवल्यासारखा असेल आणि पाण्याने घटकाभर थांबला, तर बहुधा पुल्या एका रेषेत नाहीत. आमची किंकाळी वाढली.

इंजिन बंद करून, गार होऊ देऊन ताण पाहिला. दोन पुल्यांमधल्या सगळ्यात लांब भागाच्या मध्यावर अंगठ्याने दाबलं की अशा बेल्टने साधारण 10 ते 12 मिलिमीटर दबावं. आमचा त्याच्या दुप्पट दबत होता. मग बेल्ट पिळून आतले उतार पाहिले तर काचेसारखे चकचकीत. व्ही-बेल्टची पकड असते ती या उतारांवर, तळावर नाही. झिजून तो पुलीच्या खाचेच्या तळाला टेकायला लागला की कितीही ताणा, घसरणारच. बेल्टवर मारायचे स्प्रे मिळतात, त्यांच्यावर माझा अजिबात विश्वास नाही: आवाज दबतो, दोष तसाच राहतो आणि वर धूळ चिकटते ती वेगळीच.

जवळ नवा बेल्ट होता, तो तिथेच चढवला. अल्टरनेटरचा खालचा मुख्य बोल्ट आणि वरच्या पट्टीचा बोल्ट ढिला केला, अल्टरनेटर इंजिनाकडे ढकलला की बेल्ट हातानेच निघतो. स्क्रूड्रायव्हर घालून बेल्ट पुलीवर चढवू नका, आतले दोरे तुटतात आणि ते बाहेरून दिसत नाहीत. ताणताना टॉमी (लोखंडी पहार) टेकवायची ती अल्टरनेटरच्या पुढच्या, पुलीकडच्या जाड भागावर. मागचं झाकण पातळ असतं आणि डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) बहुधा त्याच्याच आत असतात. तंबोऱ्याच्या तारेसारखा बेल्ट ताणला तर आवाज जाईल खरा, पण वॉटर पंपाचं आणि अल्टरनेटरचं बेअरिंग थोड्याच दिवसांत बोलायला लागेल.

आवाज गेला. घाटाला लागलो, अंधार पडला, हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळं चालू केलं आणि बॅटरीचा लाल दिवा पेटला. पूर्ण नव्हे, अगदी मंद, निखारा विझत आल्यावर दिसतो तसा. हेडलाइट बंद केले की तोही जायचा.

अशा वेळी आधी तापमानाचा काटा बघायचा. लाल दिवा लख्ख पेटला आणि काटाही चढू लागला, तर बेल्ट तुटलाय असं समजा. वॉटर पंप थांबलेला आहे. जागा मिळेल तिथे लगेच थांबून इंजिन बंद करा, वाफ दिसेपर्यंत वाट पाहू नका. काटा जागेवर असेल तर बॅटरी आहे तोवर गाडी पुढे नेता येते. किती वेळ, त्याचा अंदाज असा: 55 वॉटचे दोन हेडलाइट 9-10 अँपियर घेतात. वायपर, ब्लोअर, मागचे दिवे आणि इग्निशन धरून 20 च्या आसपास. 45 अँपियर-तासांची बॅटरी कागदावर दोन तासांहून थोडं जास्त चालेल, जुनी असेल तर त्याच्या निम्म्याचाही भरवसा नाही. दिवसा नुसत्या इग्निशनवर हीच गाडी कितीतरी लांब जाते. म्हणून रात्री असं झालं तर सुरक्षित जागा गाठून उजाडायची वाट पाहावी. ब्लोअर, म्युझिक सिस्टीम, मोबाइलचं चार्जिंग बंद करावं; अंधारात आणि पावसात हेडलाइट मात्र वाचवायची गोष्ट नाही. नव्या, इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या गाड्यांचा पेट्रोल पंप आणि संगणकही विजेवर चालतो, त्यांना इतकी सवड मिळत नाही. आम्ही पहिल्या वस्तीपाशी थांबलो.

सकाळी वाटेतल्या एका गॅरेजमध्ये दिवा दाखवला. उत्तर तयार होतं: अल्टरनेटर गेला, बदलून टाका. मी आधी मोजून घेऊ म्हटलं, कारण दिव्याचं मंद पेटणं मला वेगळंच काही सुचवत होतं. जुन्या धाटणीच्या अल्टरनेटरमध्ये या दिव्याच्या एका टोकाला किल्लीमार्गे बॅटरी असते, दुसऱ्या टोकाला अल्टरनेटर. दोन्हीकडे व्होल्टेज सारखं असलं की दिवा विझतो. फरक पडला की पेटतो, मग कमी कुठलीही बाजू असो. अल्टरनेटर मेला तर त्याची बाजू पडते आणि दिवा झळकतो. पण अल्टरनेटर धडधाकट असून त्याचा करंट बॅटरीपर्यंत पोचत नसेल, तर बॅटरीची बाजू थोडी खाली राहते आणि दिवा असाच मंद पेटतो. भार वाढवला की थोडा जास्त.

मल्टिमीटर लावला. इंजिन थोडं रेसवर, हेडलाइट चालू. बॅटरीवर 12.8 व्होल्ट, अल्टरनेटरच्या मागच्या जाड टर्मिनलवर 14.2. मग लाल टोक त्या टर्मिनलवर आणि काळं बॅटरीच्या पॉझिटिव्हवर ठेवलं: 1.4 व्होल्ट. एवढं व्होल्टेज नुसत्या वायरीत हरवत होतं, तिथे फार तर 0.2-0.3 चालतं. अल्टरनेटरमागच्या नटाखाली वायरीचा गोल लग (टोकाला बसवलेली धातूची कडी) हिरवा पडला होता आणि त्याच्याजवळचं आवरण तापून कडक झालं होतं. बेल्ट घसरत होता तोवर अल्टरनेटर पूर्ण करंट देतच नव्हता, म्हणून हा दोष झाकलेला राहिला.

हे टर्मिनल किल्ली बंद असली तरी जिवंत असतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवल्याशिवाय तिथे पाना लावू नका. लग पॉलिश पेपरने घासला, जळका भाग कापून नवा लग बसवला, नट आवळला. पुन्हा मोजलं तर फरक 0.15 आणि बॅटरीवर 14.1. दिवा विझला तो उतरून येईपर्यंत पेटला नाही.

बॅटरीच्या निगेटिव्हपासून अल्टरनेटरच्या बॉडीपर्यंतही असंच मोजून घ्या. इंजिनाची अर्थिंगची पट्टी गंजली असेल तर बॅटरी उपाशी राहते आणि दिवा मात्र काहीच सांगत नाही. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी दिवा लागलाच नाही, तर आधी बल्ब पाहा. बऱ्याच जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्या बल्बमधूनच मिळतो. अल्टरनेटरच्या टर्मिनलवरच व्होल्टेज 13 च्या खाली राहत असेल आणि बेल्ट नीट असेल, तर बहुधा कार्बन ब्रश (अल्टरनेटरच्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे) किंवा रेग्युलेटर (व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा भाग). 15 च्या वर गेलं तर बहुधा रेग्युलेटर, आणि अशी गाडी तशीच पळवली तर बॅटरी उकळते. रात्रभर उभी गाडी सकाळी मेलेली, पण चालू असताना चार्जिंग ठीक, असं असेल तर डायोडमधून गळती होतेय का ते तपासावं. इंजिन थंड असूनही अल्टरनेटर हाताला कोमट लागतो, ही त्याची एक खूण.

आणि चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून ‘अल्टरनेटर चेक’ करणाऱ्याला हात जोडून थांबवा. त्या क्षणी व्होल्टेज एवढं उसळू शकतं की चांगले डायोड आणि रेग्युलेटरही जळतात.

सोबत न्यायचं सामान फार नाही: बेल्टच्या बोल्टांना बसणारे पाने, छोटी टॉमी, साधा मल्टिमीटर, पॉलिश पेपर, दोन लग, थोडी जाड वायर, टॉर्च. आणि स्वतःच्या गाडीवर एकदा चढवून पाहिलेला बेल्ट, कारण एकाच मॉडेलमध्ये एसी असलेल्या आणि नसलेल्या गाडीचा बेल्ट वेगळा असू शकतो. नवा बेल्ट पहिल्या काही तासांत थोडा सैल होतो. पठारावर पोचल्यावर दुसऱ्या दिवशी दाबून पाहिला तर 15 मिलिमीटरवर गेला होता. तिथे परत आवळला आणि मगच उतरायला सुरुवात केली.