नदीने जाऊ दिलं तिथवर

अबू सिंबेलला रामसेस दुसऱ्याच्या बसलेल्या पुतळ्याच्या पायावर ग्रीक लिपीत काही ओळी खरवडलेल्या आहेत. इ.स.पू. ५९३ मध्ये इजिप्तचा राजा सामतिक दुसरा याने कुशवर सैन्य धाडलं, त्यातल्या भाडोत्री ग्रीक शिपायांचं हे काम. आपण केर्किसच्या पुढे, नदीने जाऊ दिलं तिथवर गेलो, असं त्यांनी लिहून ठेवलं. कुश आणि त्याच्या बलाढ्य शेजाऱ्यांचा इतिहास वाचताना मी याच वाक्यापासून सुरुवात करा म्हणेन.

कुश हे प्राचीन नूबियातलं राज्य, आजच्या सुदानच्या उत्तर भागातलं. ग्रीक आणि रोमन लेखक त्यालाच ‘इथिओपिया’ म्हणतात. आजच्या इथिओपियाशी त्याची गल्लत झाली की पुढचं सगळंच चुकत जातं.

नकाशा आधी पक्का करायचा. आस्वान ते खार्तूम या टप्प्यात नाईलवर सहा प्रपात आहेत आणि ते उत्तरेकडून दक्षिणेकडे मोजतात. प्रपात म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गिरसप्पा येतो, पण इथे तसा कडा नाही. नदीच्या पात्रात खडक, बेटं आणि त्यांमधून फुटून धावणारं पाणी असतं. पूर असेल तर दोर लावून नावा ओढता येतात, नाहीतर माल उतरवून जमिनीवरून न्यावा लागतो. कुशची पहिली राजधानी केर्मा तिसऱ्या प्रपाताच्या वर (म्हणजे उगमाकडे, दक्षिणेला), नंतरची नापाता चौथ्याच्या खाली (प्रवाहाच्या दिशेला) आणि त्यानंतरची मेरोए पाचव्या-सहाव्याच्या मध्ये. (चौथ्या प्रपाताजवळ मरवी नावाचं आजचं गाव आहे. ते म्हणजे मेरोए नव्हे.)

वाऱ्याचा हिशेबही तितकाच महत्त्वाचा. नाईल उत्तरेला वाहते आणि वारा बहुतेक काळ उत्तरेकडून येतो. म्हणून दक्षिणेला जाताना शीड उभारायचं आणि परतताना प्रवाहावर सोडून द्यायचं. पण अबू हमेदपाशी नदी वळते आणि मोठा पल्ला नैर्ऋत्येला वाहते. तिथे वारा आणि प्रवाह दोन्ही एकाच दिशेचे, त्यामुळे वर जाणाऱ्या नावेला शिडाचा उपयोग होत नाही. चौथा प्रपात नेमका याच पल्ल्यात आहे. उत्तरेकडून नापातापर्यंत पोचलेल्या सैन्याला मेरोए गाठायचं तर नाव सोडून बायुदाचं वाळवंट तुडवावं लागे.

इजिप्तने ही अडचण पैसा आणि श्रम ओतून सोडवली. राजा सेनुस्रेत तिसरा याने राज्याच्या आठव्या वर्षी पहिल्या प्रपातात कालवा साफ करवला: १५० हात लांब, २० रुंद, १५ खोल, म्हणजे साधारण ७८ मीटर लांबीचा. दुसऱ्या प्रपाताशी मिर्गिसाला नावा ओढून नेण्यासाठी लाकडी ओंडके पुरून वर चिखल लिंपलेली घसरवाट होती. ओला चिखल बुळबुळीत, त्यावरून नाव सरकते. त्याच आठव्या वर्षीच्या सेम्ना येथील शिलालेखात हुकूम आहे की इकेनला व्यापारासाठी येणारा किंवा वकील म्हणून येणारा सोडून कुणाही नूबियनाने ही हद्द ओलांडू नये. इकेन म्हणजेच मिर्गिसा. जिथे माल उतरवावाच लागतो तिथे किल्ला बांधला की व्यापार आपोआप मुठीत येतो. पुढे इ.स.पू. १५०० च्या सुमारास थुतमोस पहिला याने केर्माचं राज्य मोडलं आणि इजिप्तची सत्ता चौथ्या प्रपातापर्यंत गेली. ती टिकली ती ठाणी, देवळं आणि अधिकारी कायम ठेवल्यामुळे.

उलट दिशेने मात्र प्रवाह साथीला होता. इ.स.पू. ७२८ च्या सुमारास नापाताचा राजा पिये थेट उत्तर इजिप्तमधल्या मेंफिस शहरापर्यंत गेला. त्याच्या विजयस्तंभावर एक प्रसंग आहे: हर्मोपोलिस शरण आल्यावर तो तिथल्या तबेल्यात गेला आणि वेढ्यात घोडे उपाशी ठेवल्याबद्दल राजा निम्लोतला त्याने खडसावलं. कुशच्या राजांनी सुमारे पाऊण शतक इजिप्तवर राज्य केलं. मग आजच्या इराकमधलं असिरियाचं साम्राज्य चालून आलं. असिरियाचा राजा एसारहद्दोन याने इ.स.पू. ६७१ मध्ये कुशचा राजा ताहर्का याच्याकडून मेंफिस घेतलं, पुढचा राजा अशुरबनिपाल याच्या सैन्याने ६६३ मध्ये दक्षिण इजिप्तमधलं थेबिस लुटलं. इजिप्त गेला, पण असिरियाने कुशच्या मूळ भूमीवर स्वारी केली नाही. त्यांच्या तळापासून थेबिसच किती लांब पडतं ते नकाशावर मोजून पाहा.

रोमचं प्रकरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. इ.स.पू. २५ च्या सुमारास इजिप्तमधलं काही रोमन सैन्य अरबस्तानच्या मोहिमेत गुंतलं असताना कुशच्या फौजेने सायेनी (आस्वान), एलिफंटाइन आणि फिले घेतलं, रोमन सम्राट ऑगस्टसचे पुतळे पाडले. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो की राणी कंदाके एका डोळ्याने अधू आणि मर्दानी होती. कंदाके हे नाव नाही, पद आहे. ही राणी बहुधा अमानिरेनास. सुभेदार पेट्रोनियस दहा हजारांहून कमी पायदळ आणि ८०० घोडेस्वार घेऊन निघाला, नापाता उद्ध्वस्त केलं आणि पुढची वाट अवघड आहे असं ठरवून मागे फिरला. प्रेम्निसला (कस्र इब्रिम) त्याने ४०० शिपाई आणि दोन वर्षांचं धान्य ठेवलं. राणी पुन्हा चालून आली तेव्हा बोलणी सुरू झाली. कुशचे वकील सामोस बेटावर ऑगस्टसला भेटले. त्याने लादलेली खंडणीही माफ केली. रोमची हद्द आस्वानच्या थोडी दक्षिणेला, हिएरा सिकामिनोसला राहिली.

या युद्धाची रोमन बाजू आपण वाचू शकतो. कुशची बाजू मेरोईटिक लिपीत आहे. इंग्रज अभ्यासक ग्रिफिथने १९११ पर्यंत तिची अक्षरं लावली, म्हणून हमदाबच्या शिलालेखावर अमानिरेनास आणि राजपुत्र अकिनिदाद ही नावं वाचता येतात. भाषा मात्र अजून पुरती उलगडलेली नाही. म्हणून १९१० मध्ये मेरोएला सापडलेलं ऑगस्टसचं ब्राँझचं मस्तक इतकं मोलाचं. ते एका देवळाच्या पायऱ्यांखाली पुरलेलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय त्यावर पडावा असं. वाळूत राहिल्यामुळे त्याचे काचेचे आणि दगडाचे डोळेही शाबूत आहेत.

आजच्या नकाशावर हे सगळं शोधू नका. दुसरा प्रपात आस्वान धरणाच्या जलाशयात गेला, चौथा मरवी धरणाच्या. बुडण्याआधीच्या घाईत अनेक देशांनी इथे उत्खनन केलं. १९६१-६२ मध्ये ब्रजबासी लाल यांच्या नेतृत्वाखाली भारतीय पथकानेही आफिये इथे खोदकाम केलं. प्रपात पाहायचे तर धरणांपूर्वीचे नकाशे काढा.

इ.स. चौथ्या शतकाच्या मध्याला अक्सुम राज्याचा राजा एझाना कुशच्या भूमीवर चालून आला तो आजच्या इथिओपियाच्या पठारावरून. पूर्वेकडून उतरणारी तकाझे नदी खाली अत्बारा म्हणून ओळखली जाते, आणि ती नाईलला मिळते मेरोएच्या थोडीच उत्तरेला. उत्तरेकडचे पाच प्रपात त्याच्या वाटेत आलेच नाहीत. त्याच्या शिलालेखात दोन नद्यांच्या संगमाचा उल्लेख आहे, आणि नोबा लोकांनी कुशकडून आधीच बळकावलेल्या विटांच्या गावांचाही.