कोलाला इंग्रजी कळत नाही

नायजेरियात, लागोसच्या ऑफिसातल्या सहकाऱ्याचं लग्न होतं. मुलीचं गाव ऑकाजवळ, इग्बो लोकांच्या मुलखात. खरं तर लग्नं दोन. आज मुलीच्या अंगणात इग्बा एन्क्वू, म्हणजे ताडीचा विधी, आणि महिन्याभरानं चर्चमध्ये मिस्सा. खरं लग्न कोणतं, असं मी नवऱ्यामुलाच्या आईला विचारलं. त्या म्हणाल्या, "दोन्ही. पण मुलीकडच्यांची यादी पुरी झाल्याशिवाय आमचे फादर तारीखच देत नाहीत."

यादीत सुरण, बकरा, बिअरची खोकी, बायकांसाठी लुगडी, सगळं होतं. वधूमूल्याची घासाघीस आत पुरुषमंडळींत, काड्या मोजून. मला आत प्रवेश नव्हता. १९५६ मध्ये नायजेरियाच्या पूर्व विभागाच्या सरकारनं वधूमूल्यावर ३० पौंडांची मर्यादा घातली होती म्हणे. यादीला मात्र कोण आवरणार!

खरी गंमत कोलाच्या वेळी झाली. भावकीतल्या सर्वांत वडील आजोबांनी कोला, म्हणजे कोलाच्या झाडाची बी, हातात धरून इग्बो भाषेत प्रार्थना सुरू केली. माझ्यासाठी इंग्रजीत सांगा, असं कुणी तरी सुचवलं. ते म्हणाले, "कोलाला इंग्रजी कळत नाही." शेवट "येशूच्या नावानं" झाला आणि सगळे एका सुरात "ईसे!", म्हणजे तथास्तु, म्हणाले. कोलाच्या फोडी निघाल्या चार. एके, ओरिये, आफो, न्क्वो या इग्बो आठवड्याच्या चार बाजारवारांइतक्या, म्हणून शुभ.

मग आजोबांनी ताडीचं शिंग जरासं कलतं केलं. चार थेंब मातीत पडले. पूर्वजांसाठी. मुलीचे काका चर्चमध्ये धर्मशिक्षक. ते मोठ्यानं खाकरले. आजोबा म्हणाले, "वय झालं, हात थरथरतो." अंगण हसलं. काकाही हसले.

मला नगरचं माझं लग्न आठवलं. आमच्याकडे अमेरिकन मिशन १८३१ मध्ये आलं, ओनित्शाला मिशनरी १८५७ मध्ये. तरी जुन्या रीती आमच्याकडेही सुटल्या नव्हत्या. पाळकसाहेब मला म्हणाले होते, "हळद घरात लावा, चर्चच्या आवारात नको." मंगळसूत्र मात्र त्यांनीच आशीर्वाद देऊन दिलं. त्यात क्रूस होता, एवढंच.

नंतर नवरी ताडीचा पेला घेऊन नवऱ्याला गर्दीत शोधत निघाली. टवाळ पोरं "इकडे, इकडे" करत होती. तो सापडल्यावर गुडघे टेकून, एक घोट घेऊन तिनं पेला त्याच्या हाती दिला. गुडघे टेकणं मला खटकलं, खोटं कशाला बोलू. त्यानं पेला रिकामा करून त्यात नोटा ठेवल्या.

निघताना आजोबांनी मला एक अख्खा कोला दिला. घरी पोचला की तो कुठून आला ते स्वतःच सांगतो, म्हणाले. फ्रिजवर ठेवलाय. वाळून सुपारीसारखा झालाय, आणि आई व्हिडिओ कॉलवर रोज विचारते, "ते काय गं?"