टिंबक्टू आणि दक्षिणेची पावती

मी नाशिकच्या कोर्टात पंधराएक वर्षं अपघाताचे क्लेम लढतो, म्हणजे ट्रकखाली कोण गेलं, वय काय, पगार किती, मागे खाणारी तोंडं किती, एवढंच माझं जग. त्यात परवा एका लॉ कॉलेजने मूट कोर्टला, म्हणजे विद्यार्थ्यांच्या लुटुपुटूच्या खटल्याला, जज म्हणून बोलावलं आणि विषय काय, तर युद्धात फोडलेल्या वारशाची नुकसानभरपाई. म्हटलं मेलो. आदल्या रात्री चहाचा थर्मास घेऊन कागद वाचत बसलो.

मालीमधलं टिंबक्टू. 2012 ला तिथले सुफी संतांचे नऊ मकबरे आणि एका मशिदीचं दार फोडलं, फोडणाऱ्यांतल्या अल महदीने हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात गुन्हा कबूल केला, 2016 ला 9 वर्षं शिक्षा. पण 2017 चा भरपाईचा आदेश वाचला आणि झोपच उडाली, अरे ही तर आपलीच एमएसीटी, अपघाताच्या क्लेमचं कोर्ट! एकूण 27 लाख युरो. त्यात इमारतींचे फक्त 97 हजार (मकबरे युनेस्कोच्या मदतीने आधीच परत बांधून झाले होते), मानसिक त्रासाचे 4 लाख 83 हजार आणि कमाई बुडाल्याचे तब्बल 21 लाख 20 हजार. म्हणजे गाडीचं नुकसान किरकोळ, खरा क्लेम घरच्यांचा. आणि देणारा कंगाल, म्हणून पीडितांच्या ट्रस्ट फंडाकडे बोट. हेही ओळखीचंच, विमा नसलेला टेम्पोवाला आठवला.

तर मूट. मकबऱ्यांच्या राखणदारांच्या बाजूने त्र्यंबकची एक मुलगी उभी. ज्यांचं पोट फक्त त्या मकबऱ्यांवर होतं त्यांना वैयक्तिक भरपाई, हा मुद्दा तिने छान मांडला. मी सवयीने विचारलं, "काउन्सेल, उत्पन्नाचा पुरावा?"

ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, "सर, दक्षिणेची पावती असते का कधी? माझे आजोबा यजमानांच्या वंशावळीच्या वह्या सांभाळतात, पणजोबांच्याही आधीपासूनच्या. पानं हळदीसारखी पिवळी पडलीत. उद्या कोणी त्या जाळल्या तर तुम्ही आजोबांकडे फॉर्म 16 मागणार?"

हॉल हसला. मला काही हसू आलं नाही, कारण कागद नसेल तर अंदाजाने उत्पन्न धरा म्हणून रोज घसा कोरडा करणारा मीच, आणि खुर्ची मिळाल्याबरोबर विमा कंपनीच्या वकिलासारखा प्रश्न विचारून बसलो.

समोरच्या मुलाने मग त्याच आदेशात माली सरकार आणि युनेस्कोला मिळालेल्या नाममात्र एकेका युरोची टर उडवली, हा काय जोक आहे मिलॉर्ड वगैरे. मला आपलं आहेराच्या पाकिटावर चिकटवलेलं एक रुपयाचं नाणं आठवलं, ते काय कोणी हिशेबात धरतं का, पण नसलं तर पाकीट देववत नाही. हे मी बोललो नाही, जजने जास्त बोलू नये म्हणतात.

तिची टीम अर्ध्या मार्काने हरली. शेजारच्या जजनी, कोर्टाला 'सर' म्हटलं म्हणून, तिचा एक मार्क कापला होता.